सैनिकाच्या कानातला आवाज



कसारा घाट चढून गाडी इगतपुरी, घोटी मागे टाकते आणि देवळालीला पोचते. तोफखान्याचं विद्यालय तिथे आहे. १५५ मिलिमीटरची हॉवित्झर सुटते तेव्हा तोफेजवळच्या जवानाच्या कानाशी आवाज १७० डेसिबलच्या वर जातो. अशा क्षणिक आवाजाची धोक्याची मर्यादा १४० मानली जाते. फरक ३० चाच दिसतो, पण तेवढ्यात हवेचा दाब जवळजवळ तीसपट होतो.

या दाबाने अंतर्कर्णातल्या केसपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. इतकं सांगितलं जातं. डोक्याचं मात्र राहून जातं.

सुरुंग किंवा गोळा जवळ फुटला की स्फोटाची लाट हेल्मेट असूनही मेंदूपर्यंत पोचू शकते. जवान फेकला गेला आणि डोकं आपटलं, तर कानाभोवतीचं हाड तडकतं, कधी हाड शाबूत राहून अंतर्कर्णालाच हादरा बसतो. पुढचा भाग मेंदूत घडतो. कानाकडून येणारे संदेश घटले की श्रवणकेंद्रातल्या चेतापेशी अधिक हळव्या होतात आणि बाहेर काहीच वाजत नसताना माणसाला शिट्टी, घूंघूं, रातकिडे ऐकू येतात. मान आणि जबड्याच्या चेताही याच जाळ्याला येऊन मिळतात; म्हणून दात आवळले किंवा मान वळवली की काहींच्या कानातला आवाज बदलतो. मोहिमेवर जाण्याआधी आणि परतल्यावर तपासलेल्या अमेरिकी मरीन सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मेंदूला मार लागलेल्यांमध्ये नव्याने कान वाजू लागण्याची शक्यता त्यात जास्त आढळली. त्या देशात माजी सैनिकांना भरपाई मिळणाऱ्या सेवाजन्य व्याधींमध्ये हीच तक्रार सर्वांत पुढे आहे.

आपल्याकडे ती फारशी नोंदवली जात नाही. शहापूर-मुरबाडकडचा निवृत्त जवान गावी येतो, मुरबाडच्या एमआयडीसीत सुरक्षारक्षक होतो. रात्रपाळीत आसपास सामसूम झाली की कानातला आवाज चढतो. झोप उडते, चिडचिड वाढते, आणि घरच्यांना वाटतं, फौजेतून आल्यापासून स्वभावच बदलला. ऐकण्याची तपासणी नेहमीसारखी निघाली की डॉक्टरही ‘काही नाही’ म्हणून कागद परत देतात. खरं तर तपासणीचा आलेख चांगला असूनही कान वाजू शकतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांतली ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक घट मोजतो. झोप हिरावणारा आवाज मोजायला त्यात रकानाच नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती दूर व्हायला हवी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात माजी सैनिकाच्या केसपेपरवर दोन प्रश्न आजपासून लिहिता येतील: डोक्याला कधी मार लागला होता का, आणि त्यानंतर कान वाजू लागले का? आवाज कायमचा बंद करणारी गोळी नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगावं. नाहीतर तो औषधांमागे पैसे घालवत राहतो. ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्र, रात्री पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज, आणि विचारांची सवय बदलणारी मानसोपचार पद्धत यांनी त्रास पुष्कळ हलका होतो. मात्र आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल किंवा ऐकणं अचानक गेलं असेल, तर त्याला वाट पाहायला न लावता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावं.