न दिसणारे गिऱ्हाईक
(वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



‘आपली वेबसाईट आणि आपले गिऱ्हाईक’ हा आजचा विषय ऐकून काहीजणींना तो रुक्ष वाटला असेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळजणी आता मसाले, मेतकूट, पापड घरबसल्या विकू लागल्या आहेत. तेव्हा हा विषय आपल्या स्वयंपाकघराला लागूनच आहे.

रस्त्यावरच्या दुकानात गिऱ्हाईक पायरीवरून परत फिरले, तर ते आपल्याला दिसते. “या ना ताई, बघून तर जा,” असे आपण म्हणू शकतो. वेबसाईटवरून परत फिरलेली बाई मात्र दिसत नाही. माल उत्तम असूनही खप का नाही, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा या न दिसणाऱ्या गिऱ्हाइकापाशी असते.

ती का फिरते? पहिले कारण म्हणजे ताटकळणे. मोबाईलवर पान उघडायला ३ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर ५३ टक्के भेटी तेथेच सोडून दिल्या जातात, असे गूगलने २०१६ साली प्रसिद्ध केले. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही त्यांनी घालून दिलेली मर्यादा आहे. आपण काय करतो? फोनने काढलेले चार-चार एमबीचे फोटो तसेच चढवतो. असे दहा फोटो म्हणजे ४० एमबीचे ओझे! तेच फोटो लहान करून शंभर-दीडशे केबीचे केले, तरी फोनच्या पडद्यावर पापड तितकाच खमंग दिसतो. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या विनामूल्य साधनात आपला पत्ता घातला, की पान कोठे अडते ते कळते.

दुसरे कारण गोंधळ. किंमत, वजन, घटक, माल किती दिवस टिकेल आणि अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक एका नजरेत दिसावा. ‘मागणी नोंदवा’ हे बटण अंगठ्याला सहज सापडेल एवढे मोठे असावे. टपालखर्च आधीच सांगावा. शेवटच्या पायरीवर तो वाढलेला पाहून कोणीही बिचकेल. आणि खरेदीपूर्वी खाते उघडण्याची सक्ती नको. जॅरेड स्पूल यांनी २००९ साली एका मोठ्या विक्रेत्याची हकीगत लिहिली आहे. तेथे नावनोंदणीची सक्ती काढून नुसते ‘पुढे चला’ असे बटण ठेवले, आणि खरेदी करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली.

आता सर्वांत महत्त्वाचे. गिऱ्हाईक ओढण्याच्या काही युक्त्या खोट्या असतात. भरपूर माल असताना ‘फक्त २ पाकिटे शिल्लक’ असे लिहिणे, न सांगता टोपलीत आणखी एक वस्तू टाकणे, अशा १३ प्रकारच्या फसव्या रचनांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मनाई केली. कायद्याचे राहो, एकदा फसलेली बाई पुन्हा येत नाही, आणि चार शेजारणींना सांगितल्यावाचून राहत नाही. आपला सगळा धंदा दुसऱ्या, तिसऱ्या मागणीवर चालतो, हे विसरू नये.

शेवटी एक सोपी परीक्षा सुचवते. जिने आपली वेबसाईट कधी पाहिली नाही, अशा शेजारणीच्या हाती तिचाच साधा फोन द्यावा आणि म्हणावे, “अर्धा किलो मेतकूट मागवून दाखवा.” मग आपण तोंड मिटून बसावे. ती कोठे थांबते, काय शोधते, कोठे कपाळाला आठी पडते, ते कागदावर टिपून घ्यावे. एरवी न दिसणारे गिऱ्हाईक तेवढ्या वेळापुरते आपल्यासमोर बसलेले असते. वेबसाईट करणाऱ्या मुलाला नवी सजावट सांगण्याआधी तो कागद त्याच्या हाती द्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.