मनाच्या आजारावर संवादाचा उपचार

(शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



गावात कोणाला ताप आला तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, हे आता सांगावे लागत नाही. परंतु तोच माणूस शेतावर जाईनासा झाला, जेवेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, तर त्याला आळशी ठरविले जाते किंवा बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेले जाते. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. तीत प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळून आले. निरनिराळ्या विकारांचा विचार करता शेकडा ७० ते ९२ रुग्ण उपचारांपासून वंचित होते.

मनाच्या काही आजारांत औषधे अपरिहार्य असतात. भास होणे, टोकाचे संशय येणे अशा तीव्र विकारांत मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. मात्र सौम्य व मध्यम स्वरूपाचे नैराश्य, चिंता, भीती यांवर संवादातून होणारा मानसोपचारही गुणकारी ठरतो. तो म्हणजे केवळ धीराचे चार शब्द नव्हेत. उदास माणूस कामे टाळतो. कामे टाळल्याने दिवस रिकामा जातो, लोकांशी संबंध तुटतो आणि उदासी अधिकच वाढते. हे चक्र समुपदेशक रुग्णाला समजावून देतो व दोघे मिळून अगदी लहान कामे ठरवितात : सकाळी गोठ्यापर्यंत जाणे, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणे. पुढील बैठकीत काय जमले, काय जमले नाही, याचा आढावा घेतला जातो.

वयानुसार उपचाराची रीत बदलते. लहान मुलाला आपले दुःख शब्दांत मांडता येत नाही. ते खेळातून, चित्रातून व वागण्यातून प्रकट होते. शाळेच्या वेळी रोज पोट दुखणारा विद्यार्थी ढोंगी असेलच असे नाही. वैद्यकीय तपासणीत काही आढळले नाही, तर त्याला कशाची भीती वाटते याचा शोध घ्यावा. अशा वेळी पालकांनाही उपचारात सहभागी करून घ्यावे लागते. किशोरवयात विश्वास हा उपचाराचा पाया असतो. विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय झाली, तर तो पुन्हा बोलणार नाही. मात्र त्याच्या जिवाला धोका असेल, तर ती गोष्ट गुप्त ठेवता येत नाही, हेही त्याला प्रारंभीच सांगावे.

पतिपत्नींच्या बाबतीत समुपदेशक न्यायाधीश नसतो. दोष कोणाचा हे ठरविण्याऐवजी भांडण प्रत्येक वेळी कोणत्या वळणाने जाते, हे तो दोघांना दाखवून देतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातही समेटाच्या प्रयत्नांना व समुपदेशकांना स्थान दिलेले आहे. परंतु जेथे मारहाण आहे, तेथे दोघांना समोरासमोर बसवून तडजोडीचा आग्रह धरणे स्त्रीच्या दृष्टीने धोक्याचे असते. तेथे प्रथम तिची सुरक्षितता पाहावी आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यान्वये नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याची मदत घ्यावी.

एवढे तज्ज्ञ खेड्यांत कोठून आणावयाचे, असा प्रश्न आपण विचाराल. त्याचे एक उत्तर आपल्या जवळच मिळाले आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नैराश्यग्रस्त रुग्णांना प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत वर सांगितलेल्या रीतीचा उपचार दिला. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. तीन महिन्यांनी त्यांच्याकडील शेकडा ६४ रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ३९ होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमात गावातील आरोग्य कार्यकर्ते, समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ यांची साखळी उभारण्यात आली. तेथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या भागात हे घडले, ही बाब विशेष मोलाची आहे.

या कार्यात आपणा सर्वांचा वाटा आहे. शिक्षकाने मुलाच्या वागण्यात अचानक पडलेला फरक टिपावा. पंचायत सदस्याने कर्जाने वा पीक बुडाल्याने खचलेल्या घरी जाऊन उपदेश न करता ऐकून घ्यावे. कोणी जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागला, तर जीव देण्याचा विचार मनात येतो काय, असे त्याला स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. अशा व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशके तिच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि तिला रुग्णालयात न्यावे. ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेला असावा. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो, आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याचे कर्तव्य शासनावर सोपवितो. तेव्हा गुन्ह्याच्या भीतीने असा प्रसंग लपवून ठेवण्याचे कारण नाही.

तापाच्या रुग्णाला जी सहानुभूती आपण सहज देतो, तीच मनाने आजारी असलेल्यालाही मिळाली पाहिजे. आपापल्या गावी परतल्यावर निदान एका घरी तरी आपण ही गोष्ट समजावून सांगाल, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.