नव्वद दिवसांत शाळा

तिजोरीत खडखडाट असताना गावोगाव शाळा कशा काढायच्या? मध्य प्रदेशानं १९९७मध्ये स्वस्तातली वाट काढली : शिक्षण हमी योजना.

एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि आदिवासी भागात २५, इतरत्र ४० मुलं आहेत, अशा वस्तीनं मागणी करायची. सरकारनं ९० दिवसांत शाळा द्यायची. शिकवणारे गुरुजी स्थानिकच. मानधन सुरुवातीला महिना ५०० रुपये! नियमित शिक्षकाच्या पगारापुढे हे चणेफुटाणेच.

योजनेचा रोख शहरी मोहल्ल्यांपेक्षा दूरच्या पाड्यांवर होता. शाळा झपाट्यानं निघाल्या, पण काटकसरीचा भार गुरुजींच्या खिशावर पडला. पुढे आंदोलनं झाली, पात्रता परीक्षा झाली आणि अनेक गुरुजी संविदा शिक्षक झाले.