लेकराकडं ध्यान असू द्या

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलीतले शब्द आहेत तसेच ठेवले आहेत.)





मी शेतकरी माणूस. शाळा चौथीपर्यंत. हळद, सोयाबीन, तूर यातच जन्म गेला, अन् रात्रीला कीर्तन. सोहळ्याच्या मंडळींनी मला सांगितलं की महाराज, दिंडीचा इतिहास सांगणारे लई आहेत, तुम्ही पोरांच्या नशेवर बोला. विषय अवघड. म्हणून मी आधी जिल्हा रुग्णालयातल्या एका डॉक्टरसाहेबांकडं जाऊन बसलो, दोन-चार मास्तरांना विचारलं. अन् कीर्तन झाल्यावर मायबाप येऊन जे कानात सांगतात, ते तर माझ्याकडं आहेच. तेवढ्या शिदोरीवर बोलतो.

गोरोबाकाकांची कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तेरला काका चिखल तुडवत होते. घरची माय पाण्याला गेली, जाताना सांगून गेली, लेकराकडं बघा. काका भजनात दंग. लेकरू रांगत आलं अन् चिखलात पायाखाली गेलं. कीर्तनात आपण ही कथा काकांच्या भक्तीसाठी सांगतो. पुढं देवानं लेकरू परत दिलं, म्हणून आपले डोळे पुसले जातात. पण माउली, आज मी तुम्हाला त्या मायचं बोलणं आठवायला सांगतो. "लेकराकडं बघा." काका विठ्ठलात दंग होते. आपण कशात दंग आहोत? कुणी मोंढ्यातल्या भावात, कुणी निवडणुकीत, कुणी मोबाइलात, कुणी माझ्यासारखा सप्त्यामागून सप्त्यात. अन् लेकरू रांगत रांगत कुठं चाललं ते कुणी बघत नाही.

पूर्वी गावात नशा म्हणजे दारू. दारू लपत नव्हती, वास यायचा, गल्लीभर बोंब व्हायची. आताची नशा खिशात मावते. गुटख्याची पुडी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी पोराच्या हाताला लागते. दुसरा गांजा. मराठवाड्या-विदर्भात तुरीच्या अन् कपाशीच्या पाटात गांजाची झाडं धरल्याच्या बातम्या तुम्ही-आम्ही वाचतो. तिसरं म्हणजे हुंगायचं. पंक्चरचं सोल्युशन, खोडायचं पांढरं व्हाइटनर, पेट्रोल. चौथ्या गोळ्या, झोपेच्या अन् गुंगीच्या, अन् खोकल्याचं औषध बाटली-बाटली पिणं.

हुंगण्याकडं आपण ध्यानच देत नाही, कारण ती वस्तू नशेची वाटत नाही. सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, २०१९ ला त्याचा अहवाल आला. हुंगायची नशा मोठ्या माणसांत शंभरात अर्ध्याच्या थोडी वर निघाली, अन् दहा ते सतरा वर्षांच्या लेकरांत शंभरात एकापेक्षा जास्त. बाकी नशा मोठ्यांत जास्त, ही लेकरांत जास्त. कारण स्वस्त आहे अन् दुकानात कुणी विचारत नाही.

आता ओळखायचं कसं? कुंभार मडकं कसं ओळखतो? थापटून. तेरलाच संतमेळा जमला होता. मुक्ताबाईनं काकांना सांगितलं, यातलं कच्चं मडकं कोणतं ते सांगा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. ती थाप आवाज ऐकण्यासाठी होती. आपण पोराला थापटतो ते राग काढण्यासाठी, म्हणून आवाज ऐकूच येत नाही.

काय ऐकायचं, काय बघायचं, ते सांगतो.

गुटखा अन् खर्रा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं. पोराला म्हणा, तुझीच तीन बोटं उभी करून तोंडात घाल. तीन बोटं जात नसतील, तिखट भाजीनं तोंडाची आग होत असेल, गालात आतून पांढरं दिसत असेल, तर उद्यावर ढकलू नका, दाताच्या डॉक्टरला दाखवा. सुपारीनंच तोंड असं आखडतं, अन् पुढं त्यातून कॅन्सर होऊ शकतो.

गांजावाल्याचे डोळे लाल असतात, खिशात डोळ्यात टाकायचं औषध सापडतं. कपड्याला जळक्या गवतासारखा वास येतो. कारण नसताना हसतो, मग एकदम गप. अवेळी भूक लागते, गोड मागतो.

हुंगणाऱ्याच्या रुमालाला, चिंधीला, प्लास्टिकच्या पिशवीला उग्र वास येतो. नाका-तोंडाभोवती फोड, पुरळ उठतं. घरात सायकल एक अन् सोल्युशनच्या नळ्या दहा, तर विचार करा.

गोळ्यावाल्याचं बोलणं जड होतं, चाल झोकांड्याची होते, अन् तोंडाला दारूचा वास मात्र नसतो. गादीखाली रिकामी पाकिटं, दप्तरात रिकाम्या बाटल्या सापडतात.

अन् सगळ्यांत सारखं काय? जुने मित्र सुटतात, नवे घरात येत नाहीत, पांदीपासूनच हाक मारतात. झोप उलटी होते. ताटावर सगळ्यांसंगं बसत नाही. शाळेतून मास्तरचा निरोप येतो. घरातलं हळूहळू कमी व्हायला लागतं. एका मायनं मला सांगितलं, हळदीचं एक पोतं दर आठ दिवसाला हलकं लागायचं. नवऱ्याला वाटलं उंदीर. मायला कळलं होतं उंदीर कोणता, पण बोलली नाही, नवरा पोराला जिवंत सोडणार नाही म्हणून.

माउली, घरोघर हेच आहे. माय झाकते, बाप मारतो, अन् पोरगं दोघांच्या मधल्या फटीतून निसटून जातं. म्हणून पहिलं काम पोराशी बोलायचं नाही. पहिलं काम मायबापानं एकमेकांशी बोलायचं. मायला कळलं तर तिनं सांगावं, अन् बापानं असं वागावं की तिला सांगायची भीती वाटू नये.

पण एक ध्यानात ठेवा. यातली एक खूण दिसली म्हणून पोरगं बिघडलं असं धरू नका. चौदा-सोळाचं वयच तसं असतं. परीक्षेत नापास झालं असेल, कुणी मारलं असेल, घरातल्या कर्जाचं बोलणं रात्री ऐकलं असेल. चार खुणा एका वेळी दिसल्या, अन् दोन-तीन आठवडे टिकल्या, तर मग बोला.

बोलायचं कधी? तो धुंदीत असताना एक शब्द नको. झोपू द्या, दुसऱ्या दिवशी बोला. अन् हुंगणाऱ्याच्या मागं तर काठी घेऊन पळूच नका. डॉक्टरसाहेबांनी मला बजावून सांगितलं, हुंगलेलं असताना एकदम भ्यालं किंवा पळालं तर काळीज जागच्या जागी बंद पडू शकतं. पहिल्यांदा हुंगणाऱ्याचंही.

बोलायचं कुठं? पारावर, पाहुण्यांपुढं, जेवणाच्या ताटावर नको. आपल्याकडं लाइट रातची असते. हळदीला पाणी द्यायला बापलेक दोघं आखाड्यावर असतात. अंधारात तोंड दिसत नाही, हातात काम असतं, तिथं पोरगं बोलतं.

बोलायचं काय? ज्ञानोबा माउली रुसून ताटी लावून बसले, तेव्हा मुक्ताबाई दाराशी आली. वयानं सगळ्यांत लहान. तिनं ताटी मोडली नाही. बाहेर उभी राहून विनवत राहिली, तू कोण आहेस याची आठवण देत राहिली. दार आतून उघडलं. तसं बोला. "मी हे हे पाहिलं. मला तुझी काळजी वाटते. काय दुखतंय तुला ते सांग." एवढं बोलून गप बसा. पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा विचारा. पण खोटं खपवून घेऊ नका, नशेसाठी पैसा देऊ नका, चोरी केली तर ती चोरी आहे हे त्याला कळू द्या. माया वेगळी, पांघरूण वेगळं.

काय करू नये तेही सांगतो. आसुडानं मारू नका, घराबाहेर काढू नका. बाहेर काढलेल्या पोराला जवळ कोण करतं? जो पुडी विकतो तोच. शाळा सोडवू नका. "लग्न लावून द्या, म्हणजे सुधरेल," असं म्हणणारे शहाणे प्रत्येक गावात आहेत. त्यांना विचारा, तुमची पोरगी द्याल का? कुणाच्या लेकीला औषध म्हणून आणू नका. जेवणात गुपचूप पूड कालवायची म्हणून हजारो रुपये घेणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

अन् आता वारकऱ्यांनी रागावू नये, पण सांगतो. "महाराज, याच्या गळ्यात माळ घाला, म्हणजे सुटेल," असं म्हणून मायबाप पोराला धरून आणतात. माळ मोठी आहे. माळेनं माणसं सुधरलेली या मंडपात बसली आहेत. पण ती माणसं आपल्या पायानं आली. जबरदस्तीनं घातलेली माळ पोरगं पांदीत काढून ठेवतं, अन् खोटं बोलायला आणखी एक कारण मिळतं. शिवाय दारू किंवा झोपेच्या गोळ्या लई दिवस घेतलेल्या असतील अन् एकदम बंद केल्या, तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, संगं हरिनाम.

मदत कुठं मिळते? १४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. १४४१६ हा मनाच्या आजारासाठी, तोही फुकट. लेकरांसाठी १०९८. जिल्हा रुग्णालयात विचारा. पोरगं उठवलं तरी उठत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील, तर लिंबू-ताक तोंडात ओतू नका, घशात अडकतं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, अन् काय घेतलं असेल ते डॉक्टरला खरं सांगा. इज्जत नंतर बघू.

पुण्याला मुक्तांगण आहे. मुंबई-पुण्यात गर्दनं पोरं मरत होती, तेव्हा डॉक्टर अनिता अवचट अन् अनिल अवचट या नवरा-बायकोनं १९८६ साली ते सुरू केलं. पु. ल. देशपांडे अन् सुनीताबाईंच्या देणगीनं त्याला हात मिळाला. तिथली एक गोष्ट मला फार आवडते. जो स्वतः नशेतून बाहेर आला, तोच नव्या आलेल्याचा हात धरतो. अन् घरच्या माणसांनाही बोलावून बसवतात. आपल्या भाषेत याला संतसंगती म्हणतात.

एकदा सुटलेलं पोरगं परत घसरू शकतं. लई वेळा घसरतं. तेव्हा "हे काही सुधरत नाही" म्हणून हात सोडू नका. हरळी एका नांगरटीत जाते का? पुन्हा नांगरता, पुन्हा वेचता. शेत कुणी टाकून देत नाही.

आता आपल्या दिंडीचं. कायदा म्हणतो, अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकायची नाही, शाळेपासून शंभर यार्डात दुकान नको. २००३ सालचा कायदा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात तर लेकराच्या हातात दारू, तंबाखू, नशा देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद अन् एक लाखापर्यंत दंड लिहिला आहे. गावकऱ्यांनी मिळून दुकानदाराला सांगावं, नाही ऐकलं तर तक्रार द्यावी. पण तक्रार द्यायला निघालेल्याच्या खिशात चंची असेल तर दुकानदार हसेल. पालावर भजन संपलं की चंची या हातातून त्या हातात जाते. एखादा तर पोरालाच पिटाळतो, जा रे, चुना आण. लेकरू आपलं कीर्तन ऐकत नाही माउली, आपला खिसा बघतं. शंभराव्या वर्षी दिंडीनं एवढं ठरवावं, चंची विण्याच्या जवळ येणार नाही अन् लेकराच्या हाती जाणार नाही.

दुसरं, पोरांना काम द्या. नुसतं मागं चाला म्हणू नका. मृदंग शिकवा, पाण्याच्या टँकरचा हिशोब द्या, पताका द्या, म्हाताऱ्यांची औषधं सांभाळायला द्या. अन् चोपदार, मुक्कामावर तुम्ही मोजदाद करता, कोण मागं राहिलं म्हणून माणूस पाठवता. तशी गावात वर्षभर करा. जे पोरगं हरिपाठाला यायचं बंद झालं, त्याच्या घरी एकानं जावं. रागवायला नको, नुसतं चहा प्यायला जावं.

शेवटचं सांगून थांबतो. काकांनी नामदेवरायांना कच्चं मडकं ठरवलं. आपल्या नरसीच्या नामदेवांना! नामदेवांना राग आला, रडू आलं, देवाकडं गेले. पण कुणी ते मडकं फोडलं नाही. देवानं त्यांना आपल्याच औंढ्याला विसोबांकडं पाठवलं, अन् तेच कच्चं मडकं भागवत धर्म घेऊन पंजाबपर्यंत गेलं. पंढरीहून माघारी आलो की आपण आषाढ वद्य एकादशीला नरसीला परतवारी करतो. पंढरीला जाणाऱ्याला पाणी द्यायला रस्त्यावर दहा गावं उभी असतात. तसंच नशेतून माघारी येणाऱ्या पोरासाठी वेशीवर कुणीतरी उभं पाहिजे. त्याची ती परतवारीच आहे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!