एकच घड्याळ घ्यायचे तर



मंडळाच्या वर्धापनदिनी मीही चार शब्द बोलावेत असा आपण आग्रह केलात. मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठाले विषय मला झेपायचे नाहीत. म्हणून मनगटाएवढाच विषय घेतला आहे. बाईने स्वतःसाठी एकच घड्याळ घ्यायचे आणि ते भातखाचरात, चुलीपुढे, बँकेत आणि लग्नकार्यातही चालले पाहिजे, तर ते कोणते घ्यावे?

“मोबाईल असताना घड्याळ कशाला?” असे कुणी म्हणेल. पण लावणीच्या दिवसांत आपले हात कोपरापर्यंत चिखलात आणि मोबाईल बांधावर पिशवीत गुंडाळलेला! सासूबाई उंबऱ्यावरचे ऊन पाहून वेळ सांगत. परंतु आपल्या मुळशीत आषाढ-श्रावणात ऊन आणायचे कोठून? पिरंगुटच्या बाजूला कारखान्यात जाणाऱ्या मुलींनाही कित्येक ठिकाणी मोबाईल दारातच ठेवावा लागतो.

आपल्या लहानपणी घरातले घड्याळ म्हणजे घरधन्याच्या मनगटावरचे. बाईने “किती वाजले हो?” म्हणून विचारायचे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगलोरास एचएमटीची घड्याळे होऊ लागली. त्यातले ‘जनता’ पुष्कळांच्या हातावर असे. रोज सकाळी किल्ली दिली की झाले. ती कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. पुढे १९८४ साली टाटा आणि तामिळनाडू सरकारचे महामंडळ यांनी मिळून टायटन काढली. (आपल्या मावळात टाटा म्हटले की आधी १९२१ चा सत्याग्रह आणि पाण्याखाली गेलेली गावे आठवतात, घड्याळ मागाहून. ते असो.)

आता सेलवरची, म्हणजे क्वार्ट्झची घड्याळे सर्वत्र मिळतात आणि माझे मत त्यांच्याच बाजूचे आहे. त्यातला लहानसा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, म्हणून महिन्याला फार तर काही सेकंदांचा फरक पडतो. किल्लीचे घड्याळ दिवसालाच तेवढे मागेपुढे होते. सेल दोन-तीन वर्षे पुरतो. हल्लीची रोज वीज पाजावी लागणारी घड्याळे तरुणांना शोभतात. पावसात दिवे गेले की त्यांचेही डोळे मिटतात.

दुकानात गेल्यावर मी पहिल्यांदा सेकंदाचा काटा पाहते. दुकानदाराला नवल वाटते. परंतु आपल्या आशाताई सर्दी-खोकल्याच्या मुलाचे श्वास कसे मोजतात ते आठवा. मूल शांत असताना पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर काढा उगाळीत बसायचे नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा. छाती आत ओढली जात असेल किंवा मूल अंगावर पीत नसेल, तर मोजण्यातही वेळ घालवायचा नाही. ताम्हिणीकडच्या वस्तीवरून पौडला यायचे म्हणजे वाहन मिळण्यापासून तयारी. निघायचे की नाही हे त्या एका मिनिटात ठरते. मोबाईलवर मोजता येत नाही असे नाही. पण एका हाताने कपडा वर धरलेला, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मध्येच तो वाजला तर मोजणी गेली! कळा किती मिनिटांनी येताहेत तेही मनगटावर पाहणे सोपे. ज्या घड्याळाला सेकंदकाटा नाही ते फुकट मिळाले तरी मला नको.

तबकडी पांढरी, आकडे ठळक, बाराही लिहिलेले. बायकांचे घड्याळ म्हणजे दागिना, अशा समजुतीने चिंचोक्याएवढ्या तबकड्या करतात. विशीत त्या गोड दिसतात. आपल्याला चाळिशी लागलेली. वेळ पाहायला आधी चष्मा शोधावा लागला तर काय उपयोग? खुशाल पुरुषांच्या घड्याळातले लहानसे मागावे.

मग पाणी. मागच्या झाकणावर ‘३० मीटर’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ तीस मीटर पाण्यात बुडवावे असा नाही. शिंतोडे सोसेल एवढाच. आपण धुणी-भांडी करणाऱ्या आणि पावसात उभ्या राहणाऱ्या बायका. ५० लिहिलेले घ्यावे, जमल्यास १००. अंघोळीचे कढत पाणी मात्र कोणत्याच घड्याळाला दाखवू नये. त्याने आतले रबर जाते. सेल बदलताना ते रबर पुन्हा नीट बसवले की नाही, हे समोर उभे राहून पाहावे.

चामड्याचा पट्टा आपल्याकडे नको. पहिल्याच पावसाळ्यात त्याला बुरशी येते. सोन्याचे पाणी दिलेलेही नको. घामाने कडेचा मुलामा जातो. साधे पोलादी घड्याळ साबणाच्या फडक्याने पुसले की पैठणीवरही वाईट दिसत नाही. कुणाला फिके वाटले तर वाटो, लग्नात लोक नवरीकडे पाहायला येतात. बांगड्यांनी काच चरते, म्हणून घड्याळाच्या हातात एखादीच बांगडी ठेवावी.

एक सांगायचे राहिलेच. पट्टा सैल म्हणून दुकानदार कड्या काढतो, त्या मागून घ्याव्यात आणि बिलाबरोबर डबीत ठेवाव्यात. मनगट काही जन्मभर तेवढेच राहत नाही!

मला दहा मिनिटे दिली होती, ती झाली.