बाजाराचा कानोसा

चिकलठाण्याचा आठवड्याचा बाजार ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. भाजी घेऊन बसलेली बाई एकाच वेळीं दोन कामें करीत असते. हातानें ती तागडी धरते आणि कानानें शेजारच्या पालाशीं काय बोलणें चाललें आहे तें टिपते. "मेथी फार महाग" असें पुटपुटून तीन गिऱ्हाइकें पुढें गेलीं, कीं चौथें येण्यापूर्वीं भाव उतरतो. "वांगीं किडकीं दिसतात" असा शब्द कानीं पडला, कीं टोपली उलटीपालटी होते. गिऱ्हाईक दुकानदाराशीं एक बोलतें आणि आपसांत दुसरें बोलतें, व खरें तें दुसरें, एवढें बाजारशास्त्र तिला कोणीं न शिकवितां अवगत असतें.

याच गांवच्या शिवारांत औद्योगिक वसाहत उभी राहिली, विमानतळ झाला. तेथील कारखानदारास मात्र ही सोय उरली नाहीं. त्याचा माल गुवाहाटीस विकला जावयाचा. तेथलीं गिऱ्हाइकें आपसांत काय बोलतात तें चिकलठाण्यास कसें ऐकूं यावें? मधला विक्रेता सांगेल तेवढेंच खरें मानावयाचें, आणि विक्रेता आपल्या सोयीचें तेवढेंच सांगावयाचा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत समाजमाध्यमांनीं हें आपसांतलें बोलणें चव्हाट्यावर आणलें. ट्विटर, फेसबुक, यूट्यूब यांवर लोक जें लिहितात तें गोळा करावयाचें, निवडावयाचें आणि त्यावरून मालांत, भावांत, जाहिरातींत काय फेर करावा तें ठरवावयाचें, असा एक स्वतंत्र धंदाच आज उभा आहे. इंग्रजींतून त्यास 'सोशल लिसनिंग' हें नांव आलें. मराठींत 'कानोसा' हा शब्द कधींचा तयार आहे.

नुसत्या नकाशावरून एखाद्या शहराची परीक्षा करणारा किती फसूं शकतो, तें सन २०१० च्या ऑक्टोबरांत दिसलें. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, येथील उद्योजक, डॉक्टर, व्यापारी अशा मंडळींनीं एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. व्यवहार सुमारें ६५ कोटि रुपयांचा होता आणि कर्ज स्टेट बँकेनें दिलें. ही हौस कांहीं एका रात्रींत उपजली नसणार. लग्नकार्यांत, क्लबांत, कारखान्यांच्या फाटकांशीं तिची चर्चा आधींपासून चाललीच असेल.

चिकलठाण्याहून जालना रस्त्यानें पूर्वेकडे निघालें, कीं थोड्याच अंतरावर शेंद्रा लागतें. तेथें सन २००१ मध्यें स्कोडा या झेक कंपनीनें कारखाना सुरू केला आणि ऑक्टाव्हिया मोटार बाहेर पडूं लागली. गाडी लोकांस आवडली. पण पुढें एक कुरबुर कानावर येऊं लागली, आणि लोक इंटरनेटवर लिहूं लागल्यावर ती सर्वांस वाचतां येऊं लागली: गाडी दणकट, पण दुरुस्ती महाग आणि सेवेचा भरवसा नाहीं. असली तक्रार फार घातक. ती करणारा मनुष्य गाडीवर मनापासून प्रेम करणारा असतो, म्हणूनच शेजारी त्याचें म्हणणें खरें मानतो.

सन २०१८ पासून या कंपनीनें भारतासाठीं नवी योजना हातीं घेतली. त्या काळांत तिच्या विक्री व सेवा विभागाचे प्रमुख झॅक हॉलिस हे ट्विटरवर गिऱ्हाइकांना स्वतः उत्तरें देत. मोठा अधिकारी असा ओट्यावर येऊन बसतो, याचें पुष्कळांस कौतुक वाटलें. मात्र उत्तर देणें निराळें आणि ऐकणें निराळें. सन २०२१ मध्यें कुशाक ही नवी गाडी विक्रीस आली. ती चाकणच्या कारखान्यांतली. थोड्याच महिन्यांत कांहीं मालकांनीं लिहिलें कीं, चालत्या गाडींत इशाऱ्याचा दिवा लागतो व इंजिनाची शक्ति एकाएकीं मंदावते. कंपनीनें दोष इंधनपंपांत असल्याचें सांगितलें आणि अधिक मजबूत पंप बसवून देण्यास घेतले. येथें कानोसा खऱ्या अर्थानें पुरा झाला, कारण तो गोड शब्दांपाशीं न थांबतां यंत्राच्या पोटांत शिरला. याच सुमारास ४ वर्षांची हमी आणि देखभालीचा कमी खर्च यांवर कंपनीनें आपल्या प्रचारांत भर दिला. लोकांची जुनी कुरबुर नेमकी याचविषयींची होती.

सन २०२४ मध्यें तिनें आणखी एक प्रयोग केला. नव्या लहान मोटारीचें नांव लोकांनींच सुचवावें अशी दवंडी पिटली. दोन लाखांवर सूचना आल्या आणि त्यांतून 'कायलाक' हें नांव निघालें. अट अशी: नांवाचा आरंभ इंग्रजी 'के'नें व शेवट 'क्यू'नें व्हावा. बारशास सारा गांव जमवावयाचा, पण आद्याक्षर पत्रिकेवरून आधींच ठरलेलें, तसाच हा मौजेचा प्रकार. याला कानोसा म्हणावें कीं जाहिरात, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

हें काम आतां बव्हंशी यंत्रें करतात, आणि यंत्रांचा कान अजून कच्चा आहे. "वा, काय सेवा आहे! गाडी पंधरा दिवस गॅरेजांतच सुखरूप आहे," हें वाक्य शब्द मोजणारें यंत्र स्तुतीच्या रकान्यांत टाकण्याचा संभव फार. त्यांत या शहराचें बोलणें म्हणजे मराठी, हिंदी व दखनी यांची खिचडी, आणि लिहिणें पुष्कळदां रोमन अक्षरांत. शिवाय भाड्यानें लिहविलेली स्तुति व निंदा आहेच. खोट्या अभिप्रायांचा उपद्रव इतका वाढला कीं, सन २०२२ मध्यें भारतीय मानक ब्युरोला ऑनलाइन अभिप्रायांसाठीं एक मानक प्रसिद्ध करावें लागलें. कुटुंबवत्सल मंडळींनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मनुष्यानें आपण होऊन सर्वांपुढें मांडलेली स्वतःची माहिती सन २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. मिक्सर बिघडल्याच्या रागांत घरचा पत्ता व मुलांचीं नांवें जगजाहीर करणारास तो कायदा आधार देणार नाहीं.

आणि जे मुळींच लिहीत नाहींत त्यांचें काय? पैठण तालुक्यांतला शेतकरी पाण्याचा पंप बिघडला म्हणून ट्विटरवर जात नाहीं. तो गांवच्या मिस्त्रीस बोलावतो, दोन शिव्या हासडतो आणि पुढच्या खेपेस दुसऱ्या कंपनीचा पंप घेतो. त्याचें म्हणणें कोणत्याही तक्त्यांत उमटत नाहीं. तें ज्यास ऐकावयाचें असेल, त्यानें मिस्त्रीच्या दुकानापुढच्या बाकावर तासभर जाऊन बसावें.