भीमथडीचे तट्टू



कुणाला हिणवायचे झाले, की आपण म्हणतो, "हे तर भाड्याचे तट्टू!" पण तट्टू म्हणजे हलके जनावर नव्हे. आज त्याचीच हकीकत आम्ही सांगणार आहोत.

आपल्या आष्टी तालुक्याच्या कडेने सीना नदी वाहते. पुढे ती सोलापूरकडे भीमेला मिळते. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेचा काठ ती भीमथडी. तिथले घोडे ते भीमथडीचे तट्टू. अंगाने बुटके, पण पायाने घट्ट. दगडधोंड्यांतून चालते. रानातल्या गवतावर भागवते. मराठ्यांच्या फौजा अशाच तट्टांवर दौडल्या. १७५८ साली त्या सिंधू नदीकाठी अटकेपर्यंत पोचल्या.

१८१८ साली पेशवाई बुडाली. स्वारांचे काम गेले. मग हे तट्टू टिकले कसे? धनगरांनी ते टिकवले.

दिवाळीच्या सुमारास आपले ऊसतोड मजूर बिऱ्हाड घेऊन निघतात ना? तसेच पुणे-साताऱ्याकडचे मेंढपाळ मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. भांडीकुंडी, अंथरूण, मेंढ्या कोंडायची वाघर, नुकती जन्मलेली कोकरे, सारे घोडीच्या पाठीवर. कधी वर लहान लेकरूही बसते. गाडी जात नाही, तिथे घोडी जाते.

२०२३-२४ मध्ये कर्नालच्या सरकारी संस्थेने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. देशातली ती घोड्यांची आठवी जात. मान मिळाला खरा. पण कागदावर नाव लागले, म्हणजे जात वाचली असे नाही. कुरणे आटत चालली. सामान टेंपोत जाऊ लागले. काम गेले, की घोडी बाजारात जाते.

मग आपण काय करावे? घोडी भीमथडीची असेल, तर नरही भीमथडीचाच पाहावा. उंच घोड्याच्या मोहाला पडू नये. शिंगरू दिसेल देखणे. पण घाट चढणारी, थोडक्यात भागवणारी जात त्यात विरून जाईल. दुसरे, पशुगणनेत आपली घोडी नोंदवावी. २०२४ साली सुरू झालेल्या गणनेत फिरत्या मेंढपाळांचीही नोंद घ्यायचे ठरले. आज इथे, उद्या तिथे असणाऱ्याचे जनावर मोजायचे राहून जाते. आणि जे मोजले जात नाही, ते गेलेलेही कुणाला कळत नाही.

आपल्या शिवारात धनगराचा वाडा उतरला, तर घोडीला पाणी दाखवा. तिने पिढ्यान् पिढ्या माणसांचे संसार वाहिले आहेत.